दवाखान्यातून घरी आल्यावर: किडनीचा आजार आणि पायांतलं बळ

मी रायपूरहून बोलते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि गेली बरीच वर्षं ज्यांच्या घरी माझं जाणं होतं त्यांच्यात किडनीचे वयस्क रुग्ण जास्त आहेत. आजचा विषय अगदी नेमका आहे. साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस, किडनीचा जुना आजार, कोणी डायलिसिसवर तर कोणी अजून नाही. काही कारणानं आठ-पंधरा दिवस दवाखान्यात राहतो आणि घरी येतो. न्यूमोनिया झाला असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, हृदयाचा त्रास झाला असेल. तो आजार बरा झालेला असतो. पण माणसाला खुर्चीतून उठता येत नाही. हे गेलेलं बळ परत कसं आणायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

ऐकणारे कुठकुठले असतील, म्हणून रायपूरबद्दल दोन वाक्यं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी माणूस आहे. शहरात तात्यापारा नावाची वस्ती आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. आता हे राजधानीचं शहर, त्यामुळे मोठे दवाखाने इथेच. २०१२ पासून एम्स आहे. दाऊ कल्याणसिंह यांच्या नावाचं जुनं डीके हॉस्पिटल आहे. राज्य नवं झालं तेव्हा त्या इमारतीत काही वर्षं चक्क मंत्रालय होतं, मग ती पुन्हा रुग्णांकडे आली. हे मला नेहमी बरं वाटतं. सगळ्या छत्तीसगढातून आणि ओडिशाच्या सीमेवरून किडनीचे रुग्ण रायपूरला येतात. गरियाबंद जिल्ह्यातल्या सुपेबेडा गावाबद्दल तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. देवभोगकडचं हे छोटं गाव, आणि किडनीच्या आजारानं तिथली घरंच्या घरं पोळली आहेत. तिथून रायपूर दोनशे किलोमीटरच्या वर. आता अशा गावच्या माणसाला "आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला या" असं सांगून काय उपयोग? म्हणून मी आज जे सांगणार आहे त्याला यंत्र लागत नाही. एक खुर्ची, एक भिंत आणि घरातलं एक माणूस, बस.

आधी हे बळ जातं कुठे ते पाहू. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. सरासरी ६७ वर्षं वयाच्या, चांगल्या धडधाकट अशा डझनभर लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. आजार नाही, ताप नाही, जेवण व्यवस्थित, फक्त पडून राहायचं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ १ किलो मांस गेलं. नुसत्या पडून राहण्यानं! आता यात किडनीचा आजार मिळवा. किडनी बिघडली की रक्तात आम्ल वाढतं, आणि ते आम्ल स्नायू मोडायला लावतं. शरीरात सतत बारीकशी सूज असते, ती भूक मारते. जेवण बेचव, पथ्यांची यादी लांब. त्यात इन्फेक्शनचा ताप. म्हणजे धडधाकट माणसाचं जे दहा दिवसांत जातं ते आपल्या माणसाचं त्याहून लवकर जातं, आणि परत यायला कितीतरी जास्त वेळ घेतं.

आणि हे जाणं दिसत नाही, ही यातली खरी मेख. दोन ठिकाणी घरचे हमखास फसतात.

पहिलं ठिकाण क्रिएटिनिन. किडनीच्या रुग्णाच्या घरात हा शब्द पोराटोरांना पाठ असतो. दवाखान्यात जाताना चार होतं, येताना तीन झालं, घरात आनंद. आनंद असावाच, कारण कधी किडनी खरंच सावरलेली असते. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. स्नायूच कमी झाले तर ते कमीच तयार होणार, आणि रिपोर्टवरचा आकडा किडनी न सुधारताही खाली येणार. त्यामुळे आकडा उतरला आणि माणूसही उतरला असेल, तर डॉक्टरांना विचारा: हे किडनीचं आहे की मांस गेल्याचं? त्यासाठी सिस्टॅटिन सी नावाची वेगळी तपासणी असते, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. प्रत्येकाला ती लागते असं नाही, पण प्रश्न विचारायलाच हवा.

उलटही होतं. माणूस व्यायाम करू लागतो, अंगात मांस भरतं, क्रिएटिनिन किंचित वर जातं, आणि घरचे म्हणतात, "बघा, व्यायामानं किडनी बिघडली, बंद करा." असे फोन मला येतात. आकडा वाढला तर डॉक्टरांना दाखवायचाच. पण व्यायाम आपल्या मनानं बंद करायचा नाही.

दुसरं ठिकाण वजनकाटा. वजन ६२ होतं, ६२च आहे, मग कसला अशक्तपणा? अहो, तीन किलो मांस गेलं आणि तीन किलो पाणी आलं तरी काटा ६२च दाखवणार. डायलिसिसवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. तुमचं जे 'ड्राय वेट' ठरवलेलं असतं, ज्या वजनापर्यंत पाणी काढायचं, ते आजारपणाआधीच्या शरीराचं असतं. मांस गेलं आणि ड्राय वेट तेच राहिलं, तर प्रत्येक डायलिसिसनंतरही अंगात जादा पाणी उरतं. मग धाप, रक्तदाब, पायांवर सूज. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच डायलिसिसला सांगा, "खाणं कमी झालंय, मांड्या उतरल्यात, ड्राय वेट पुन्हा बघा." टेक्निशियनला सांगून थांबू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

मग मोजायचं कसं? शिवणाची टेप घ्या आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेली रेघ अशी आहे: पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली आणि बायकांत ३३च्या खाली असेल तर स्नायू कमी झाल्याचा संशय घ्यावा. पायावर सूज असेल तर टेप खोटं बोलते, हे लक्षात ठेवा. मला त्याहून खुर्ची जास्त आवडते. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पाय कमजोर. दवाखान्यातून आलेल्या आमच्या मंडळींना बहुतेक वेळा एकदाही हात न लावता उठता येत नाही. तेही लिहून ठेवा, तारीख घालून. कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या हिशोबाशेजारी. महिन्यानं बघाल तेव्हा कळेल.

आता घरातल्या मायेबद्दल. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला हलू न देणं. पाणी हातात, जेवण हातात, मुलगा धरून उठवतो, सून म्हणते, "बाबा, तुम्ही पडा हो, मी आहे ना." यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. वर कुणीतरी म्हणालेलं असतं की किडनीला आराम हवा. पण पाठीवर पडून किडनीला आराम मिळत नाही. ती झोपेतही काम करत असते आणि चालतानाही. पडून राहण्यानं आराम मिळतो तो मांड्यांना, आणि त्या आरामातच त्या जातात. माझ्याबरोबर एका घरी आजींकडे बघायला येणारी छत्तीसगढी बाई रोज म्हणायची, "थोरिक रेंग ले दाई." छत्तीसगढीत चालण्याला 'रेंगना' म्हणतात. आपल्या मराठी कानाला ते रांगल्यासारखं किंवा रेंगाळल्यासारखं ऐकू येतं, आणि सुरुवातीचं चालणं असतंही तसंच. पण त्या घरात आजींना उठवण्याचं काम त्या एका वाक्यानं जेवढं झालं तेवढं माझ्या चार्टनं झालं नाही.

एका काकांचं सांगते. रेल्वेतून निवृत्त, ७१ वर्षांचे, मधुमेह जुना, किडनी हळूहळू गेलेली. छातीत इन्फेक्शन होऊन १८ दिवस दवाखान्यात, त्यातच डायलिसिस सुरू झालं. मानेत कॅथेटर घेऊन घरी आले. त्यांची तक्रार धापेची नव्हती, अशक्तपणाचीही नव्हती. ते म्हणाले, "मला संडासातून उठवायला मुलगा आत यावा लागतो. एवढं एक बंद करून द्या." मी बरीच उद्दिष्टं ऐकली आहेत, पण याहून स्पष्ट क्वचितच.

पहिल्या दिवशी खुर्चीवर दोन दुलया घडी करून ठेवल्या, म्हणजे बसायची जागा उंच झाली. उंच जागेवरून उठणं सोपं असतं. खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली, समोर काकू उभ्या. पावलं गुडघ्यांच्या जराशी मागे, अंग पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, मग उठायचं. काकांनी हातांचा आधार घेऊन तीन वेळा केलं आणि थांबले. पुरे. बसताना मात्र धपकन बसायचं नाही, मनात एक-दोन-तीन म्हणत टेकायचं. उठण्यापेक्षा हे सावकाश बसणंच मांडीला जास्त काम देतं, आणि लोक नेमकं तेच गाळतात.

एक दिवसाआड हे चाललं. ज्या दिवशी डायलिसिस त्या दिवशी नाही. तीनाचे पाच झाले, पाचाचे दोन फेऱ्यांत दहा. तिसऱ्या आठवड्यात एक दुलई काढली. मग कॅथेटरचं इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप, पुन्हा चार दिवस दवाखाना, आणि दोन्ही दुलया परत आल्या. काका चिडले. मी म्हटलं, चिडा, पण कॅलेंडर काढा. पहिल्या वेळी तीन करताना दमला होता, आज चार केले. म्हणजे सगळं नाही गेलेलं. सहाव्या-सातव्या आठवड्यात उघड्या खुर्चीवरून, हात मांडीवर ठेवून उठू लागले. संडासाच्या भिंतीला एक दांडा बसवून घेतला. त्यात कमीपणा काही नाही, दोनशे-तीनशे रुपयांचं काम. आणि मुलगा बाहेर थांबू लागला. त्यापुढे जिना. तिथे अजून कठडा धरावा लागतो, आणि मला वाटतं पुढेही लागेल. ते आजारपणाआधीचे काका झालेले नाहीत. पण त्यांना जे हवं होतं ते झालं.

या गोष्टीत काकूंचं काम मोठं आहे. त्या स्वतः ६८ वर्षांच्या. "तुम्ही करा, मी मोजते" असं म्हणत बसल्या नाहीत, शेजारी दुसरी खुर्ची घेऊन बरोबर करत होत्या. त्यांचे गुडघेही सुधारले, हा फुकटचा फायदा.

म्हणजे घरी व्यायामाचा कणा हाच, खुर्चीतून उठणं-बसणं. त्याच्या जोडीला दोन-तीन गोष्टी. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणं, चवड्यांवर उभं राहून सावकाश खाली येणं, यानं पोटऱ्या भरतात आणि तोल सुधारतो. ओटाच धरून जागच्या जागी गुडघे उचलणं. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरणं, आणि ते सोपं झालं की मोज्यात अर्धा किलो तांदूळ भरून तो घोट्याला बांधायचा. अजून उभंच राहता येत नसेल, तर पलंगावर पाठीवर पडून गुडघे वाकवून कंबर उचलायची. किती वेळा, हे मी आकड्यात सांगत नाही. थांबाल तेव्हा वाटलं पाहिजे की अजून दोन झाले असते. पाच-सहा झाले असते असं वाटत असेल तर कमी केलंत, आणि एकही झाला नसता असं वाटत असेल तर जास्त केलंत. आठवड्यात दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. स्नायू व्यायामाच्या दिवशी वाढत नाही, मधल्या दिवशी वाढतो.

चालणं मात्र रोज, आणि तुकड्या-तुकड्यांनी. इटलीत डायलिसिसच्या २९६ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. अर्ध्या लोकांना घरच्या घरी चालायला सांगितलं, डायलिसिस नसलेल्या दिवशी दहा-दहा मिनिटं दोनदा. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत चालण्याचं त्यांचं अंतर ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेलं. बाकीच्यांचं ३२१ होतं, ते ३२४ झालं. दिवसाला वीस मिनिटं, तीही एक दिवसाआड. आपल्या आजोबांना सुरुवातीला दहाही झेपणार नाहीत, दोन मिनिटांपासून सुरू करा. दर तासाला खोलीतून ओसरीपर्यंत. वेग कसा ठरवायचा? चालता चालता रामरक्षा म्हणता आली पाहिजे. मध्ये श्वासाला थांबलं तर चालेल, पण शब्दच फुटेनासा झाला तर वेग जास्त. नाडीवर जाऊ नका, कारण यांच्यातले बरेचजण नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्यांवर असतात.

रायपूर, नागपूर, चंद्रपूरवाल्यांनी उन्हाचं भान ठेवायचं. नवतपात सकाळी साडेसहालाच ऊन चावतं. ज्यांचं डायलिसिस सुरू झालेलं नाही, त्यांच्या किडनीला अंगातलं पाणी आटणं फार बाधतं. एप्रिल ते जून घरातच, पंख्याखाली चाला. तेलीबांधा तलावाची फेरी दिवाळीनंतर.

आता कधी करायचं नाही ते, आणि हे नीट ऐका. छातीत दुखतंय, आडवं पडल्यावर धाप लागते, ताप आहे, दोन दिवसांत वजन भसकन वाढलंय, रक्तदाब वरचा १८०च्या पुढे किंवा खालचा ११०च्या पुढे आहे, डायलिसिस चुकलंय: यातलं काहीही असेल तर व्यायाम नाही, डॉक्टर. डायलिसिस चुकलेलं असताना एकाएकी पाय लुळे वाटू लागले तर तो अशक्तपणा समजू नका, पोटॅशियम वाढलेलं असू शकतं आणि ते हृदय थांबवू शकतं, सरळ दवाखाना गाठा. डायलिसिस झाल्या झाल्या रक्तदाब पडलेला असतो, त्या दिवशी बसून पाय हलवण्यापलीकडे काही नको. मानेत कॅथेटर असेल तर त्या बाजूच्या हातानं जड उचलणं, ओढणं नको. जांघेत असेल तर खुर्चीचा व्यायामही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हातावर फिस्टुला असेल तर त्या हाताला पट्टा, पिशवी काही बांधायचं नाही. पण तो हात जपून पांगळा करायचाही नाही. चेंडू दाबायला कधी सुरू करायचं ते तुमचे सर्जन सांगतील. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर बघा. किडनी कमजोर झाली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, म्हणून साखर अचानक खाली जाते. १००च्या आत असेल तर आधी काहीतरी खा. आणि किडनीच्या जुन्या आजारात हाडं ठिसूळ होतात, म्हणून झटके, उड्या, पटकन वळणं यातलं काही नको.

व्यायाम सुरू झाला की अंग दुखणार, आणि अंग दुखलं की घरातलं कुणीतरी मेडिकलमधून गोळी आणणार. इथे मी हात जोडते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या किडनीच्या रुग्णाला आपल्या मनानं द्यायच्या नाहीत. नाव वेगळं असतं, पाकिटावर 'बदनदर्द' लिहिलेलं असतं, आत तेच औषध. जे बळ मिळवायला महिना घातला त्याच्यापायी उरलीसुरली किडनी घालवायची का? गरम पाण्याची पिशवी घ्या, एक दिवस जास्त विश्रांती घ्या, अगदीच लागलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

खाण्याबद्दल मी आहारतज्ज्ञांचं काम करणार नाही, पण एक गोंधळ सोडवते, कारण तो व्यायाम वाया घालवतो. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टर प्रोटीन कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की नियम उलटतो. आता दर किलो वजनाला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, त्यावरून अंदाज करा. पण घरात जुनाच कागद फ्रिजवर चिकटलेला असतो, "डाळ बंद, अंडं बंद, पनीर बंद." माणूस वरण-भाताच्या पाण्यावर डायलिसिस करतो आणि मग उठता का येत नाही म्हणून विचारतो. तो कागद काढा आणि आजच्या परिस्थितीचा नवा मागून घ्या. डायलिसिसवर नसलेल्यांनी मात्र स्वतःहून प्रोटीन पावडर सुरू करू नये. अमेरिकेत २००१ मध्ये छापलेला एक छोटा अभ्यास आहे, डायलिसिसवर नसलेले, कमी प्रोटीनच्या पथ्यावर असलेले २६ रुग्ण. १२ आठवडे निम्म्यांनी वजनं घेऊन व्यायाम केला. त्यांची ताकद वाढली, मांस टिकलं. नुसतं पथ्य करणाऱ्यांचं घसरलं. म्हणजे पथ्य पाळूनही बळ येऊ शकतं. नारळपाणी, फळांचे रस ताकदीसाठी म्हणून भेटायला येणारे आणतात. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, प्रेमानं बाजूला ठेवा. व्यायामानंतरचं पाणीही दिवसाच्या ठरलेल्या मापातलंच.

दोन महिने नेमानं करूनही फरकच नाही, असं झालं तर माणसाला आळशी ठरवू नका. हिमोग्लोबिन बघा. रक्तातलं बायकार्बोनेट बघायला सांगा, आम्ल वाढलेलं असेल तर त्यावर साध्या गोळ्या असतात. डायलिसिस पुरेसं होतंय का ते विचारा. आणि उदास आहे का तेही बघा. मोठ्या आजारातून उठलेला वडीलधारा माणूस "आता कशाला" म्हणून बसला तर ते स्वभावाचं नसतं, आजाराचं असू शकतं, त्यालाही उपचार असतात.

डायलिसिसवाल्यांसाठी अजून एक. आठवड्यात तीनदा चार-चार तास, म्हणजे बारा तास माणूस मशीनला जोडून पडलेला, वर जाणं-येणं. जर्मनीत ९१७ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डायलिसिस चालू असतानाच पलंगावर पडून व्यायाम करवला. एक मिनिटात खुर्चीतून उठण्याची संख्या वर्षभरात १६वरून १९वर गेली. व्यायाम न केलेल्यांचीही सुरुवात १६नंच होती, त्यांची १५च्या खाली उतरली. हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. काहीच न करणारा माणूस जागच्या जागी राहत नाही, तो वर्षभर खाली सरकत असतो. आपल्या सेंटरमध्ये व्यायाम करवणारं कुणी नसेल. पण पहिल्या दोन तासांत, रक्तदाब पडायच्या आधी, सुई नसलेल्या बाजूनं पाय उचलणं, घोटे फिरवणं, उशी गुडघ्यांत दाबणं, याला कुणाची ना नसते. सिस्टरला सांगून करा. शेजारच्या पलंगावरचेही बघून करू लागतात, हे मी पाहिलं आहे.

सुट्टीच्या वेळी डॉक्टरांना काय विचारायचं, असं बरेचजण विचारतात. "व्यायाम केला तर चालेल का?" असं विचारू नका, त्याला "हो, हळूहळू" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: खुर्चीतून उठण्याचा व्यायाम उद्यापासून करू का, जिना कधी, किती किलो उचलायचं नाही, रक्तदाब कितीच्या खाली गेला तर थांबू, ड्राय वेट कधी बदलणार. पाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या आणि उत्तरं तिथेच, त्यांच्यासमोर लिहून घ्या. सुट्टीच्या गडबडीत बिल, औषधं, गाडी यांत सगळं विसरायला होतं.

खुर्ची निवडताना प्लास्टिकची घेऊ नका, ती घसरते. लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली, भिंतीला टेकवून. पायात चप्पल नको, अनवाणी किंवा मागे पट्टा असलेली सँडल.